नळातील तेल आणि पाणी

तेल आणि पाणी यांचे सख्य नाही, हे स्वयंपाकघरातही कोणाच्या ध्यानात येते. पेल्यात दोन्ही ओतली की तेल वर येते, पाणी खाली राहते आणि प्रकरण तेथेच मिटते. परंतु हीच जोडी लांबलचक नळातून वाहू लागली म्हणजे प्रकरण मिटत नाही, सुरू होते. पाणी तळाशी स्वस्थ राहील, तेलाभोवती वेढा घालील, की थेंबाथेंबाने तेलात विखरून जाईल, यावर पंपाचे श्रम अवलंबून असतात. आणि कित्येकदा नळाचे आयुष्यही.

या गोष्टीला व्यवहारात मोल आले ते विसाव्या शतकाच्या आरंभी, कॅलिफोर्नियात. बेकर्सफील्डच्या परिसरातील खनिज तेल काकवीसारखे दाट. सदर्न पॅसिफिक रेल्वेला ते इंजिनांसाठी हवे होते. पण नळातून ढकलताना पंपांची दमछाक होई, आणि तापवून पातळ केलेले तेल वाटेत पुन्हा निवे. १९०४ साली आयझॅक्स आणि स्पीड या दोघांनी यावरील एका तोडग्याचे पेटंट घेतले. बंदुकीच्या नळीत असतात तसे पिळदार वळसे नळाला आतून द्यावयाचे आणि तेलात थोडे पाणी सोडावयाचे. वाहताना मिश्रण गरगरते, पाणी अधिक जड म्हणून भिंतीकडे फेकले जाते, आणि तेलाचा दाट गाभा पाण्याच्या अस्तरातून घसरत पुढे जातो. भिंतीशी घर्षण होते ते पातळ पाण्याचे, तेलाचे नव्हे. पुढे थोड्याच वर्षांत अशा आठ इंची नळाची अडीचशे मैलांहून लांब वाहिनी पोर्ट कोस्टापर्यंत गेली.

युक्ती आधी आली, तिचे शास्त्र मागाहून. यंत्रविद्येच्या इतिहासात असे पुष्कळदा घडले आहे. येथे तर अर्धे शतक जावे लागले. कॅनडातील अल्बर्टा प्रांतात गोव्हियर, हॉजसन, रसेल, चार्ल्स प्रभृतींनी सुमारे एक इंच व्यासाच्या नळीतून तेल व पाणी निरनिराळ्या वेगांनी सोडून प्रवाहाची रूपे न्याहाळली. (गोव्हियर हे प्राध्यापक तर होतेच, पण पुढे प्रांताच्या तेल-नियामक मंडळाचे अध्यक्षही झाले, असा योग विरळाच.) १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगातील खुबी अशी की, तेलात कार्बन टेट्राक्लोराइड मिसळून त्याची घनता पाण्याइतकी केली होती. त्यामुळे वर कोण आणि खाली कोण, हा तंटाच उरला नाही. मग पाण्याचे व तेलाचे प्रमाण बदलेल तशी रूपे पालटताना दिसली: तेलात पाण्याचे थेंब, पाण्याच्या वेढ्यात तेलाचा अखंड गाभा, त्या गाभ्याचे तुटलेले लांबट गोळे, त्यांचे बुडबुडे, आणि अखेर पाण्यात विखुरलेले तेलाचे बारीक थेंब. दाट तेलात पाणी सोडले असता नळातील दाब किती उतरतो, हेही आता मोजून कळले.

१९७० नंतर बेकर्सफील्डजवळच शेल कंपनीची सहा इंची, २४ मैलांची वाहिनी पाण्याच्या अशाच वेढ्यावर सुमारे १२ वर्षे चालली. मात्र या व्यवस्थेला वेग लागतो. प्रवाह मंदावला की वेढा मोडतो. आणि पंप थांबला तर तेल भिंतीला चिकटते व वाहिनी पुन्हा चालू करणे मोठे जिकिरीचे होते.

पातळ तेलाच्या वाहिनीत पाणी मुद्दाम कोणी सोडीत नाही. ते विहिरीतूनच तेलाबरोबर येते, आणि बहुतेक काढून टाकले तरी थोडे मागे राहते. वेग पुरेसा असला की ते थेंबरूपाने वाहून जाते. वेग उतरला की तळाशी साचते. अलास्कातील प्रूडो बे येथील ३४ इंची वाहिनी मुबलक उत्पादनाच्या दिवसांसाठी बांधलेली होती. उत्पादन घटले, प्रवाह संथ झाला, आणि तळाशी साचलेल्या पाण्यात व गाळात पोलाद आतून कुरतडले गेले. २ मार्च २००६ रोजी गळती उघडकीस आली, तेव्हा एका लहानशा भोकातून दोन लाख गॅलनांहून अधिक तेल गोठलेल्या भूमीवर पसरलेले होते. वर बर्फ असल्यामुळे ते कित्येक दिवस कोणाच्या दृष्टीस पडले नव्हते.