खर्जाची हौस

मराठीत ‘छंद’ या शब्दाला दोन अर्थ आहेत आणि ‘नाद’ या शब्दालाही दोन. छंद म्हणजे पद्यरचनेचे बंधन, आणि छंद म्हणजे फावल्या वेळचे प्रेम. नाद म्हणजे ध्वनी, आणि नाद म्हणजे घरच्यांनी कपाळावर हात मारून घ्यावा असे वेड. ‘हौस’ हा शब्द अरबी ‘हवस’वरून आपल्याकडे आला. हिंदी-उर्दूत त्याला वासनेचा वास चिकटून राहिला. मराठीत मात्र तो इतका सोज्ज्वळ झाला की डोहाळजेवणापासून नाट्यस्पर्धेपर्यंत कुठेही निःसंकोच वावरतो. तरीही ‘हौशी’ हे विशेषण लावले की माणसाची किंमत थोडी उतरतेच. हौशे, नवशे, गवशे या त्रयीत हौशांना पहिले स्थान मिळाले असले, तरी ते सन्मानाचे आहे असे कोणी म्हणणार नाही.

हे सारे आठवण्याचे निमित्त घरगुती आहे. आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्यापैकी एकाने वयाच्या ४४ व्या वर्षी बेस गिटार शिकायला घेतली. दुसरा केवळ श्रोता आहे, आणि त्याच्या सोशिकतेबद्दल येथे अधिक लिहिणे प्रशस्त नव्हे. ‘या वयात?’ हा प्रश्न सर्वांनी विचारला. ‘आणि हेच वाद्य का?’ हा प्रश्न मात्र कोणीच विचारला नाही. प्रस्तुत लेखात आम्ही या दुसऱ्या प्रश्नाच्या वाटेने पहिल्याकडे जाऊ पाहतो, कारण या वाद्याचा इतिहास चाळताना आम्हांला एक गोष्ट जाणवली. बेस गिटार हे मुळातच दुसरीकडून आलेल्या माणसांचे वाद्य आहे.

त्याच्या जन्मापासूनच पाहू. पाश्चात्त्य वाद्यवृंदात खालच्या सुरांचे काम फार काळ डबल बेस करत असे. हे वाद्य माणसाएवढे किंवा त्याहून उंच. ते उभे धरून वाजवायचे, आणि गावोगाव हिंडणाऱ्या वादकाने ते गाडीच्या टपावर बांधून न्यायचे. शिवाय शिंगवाद्ये, ड्रम आणि विजेवर चालणारी गिटार यांच्या गदारोळात त्याचा आवाज बुडून जाई. अमेरिकेत सिॲटल येथे पॉल टुटमार्क यांनी १९३० च्या दशकातच आडवी धरण्याची, विजेवर चालणारी बेस तयार केली होती. पण ती फारशी खपली नाही. बाजारात टिकली ती कॅलिफोर्नियातील फुलरटन गावच्या लिओ फेंडर यांची १९५१ ची ‘प्रिसिजन बेस’. चार तारा, ३४ इंचांची तारलांबी, आणि दांडीवर धातूच्या आडव्या पट्ट्या. या पट्ट्यांना वादक फ्रेट म्हणतात. आपल्या सतारीच्या पडद्यांचेच काम त्या करतात. डबल बेसच्या गुळगुळीत दांडीवर सूर नेमका कुठे आहे हे वर्षानुवर्षांच्या सरावाने बोटांना कळते. येथे तो पट्ट्यांनी आधीच आखून दिला. ‘प्रिसिजन’ म्हणजे अचूकपणा. नावातच आश्वासन होते. साध्या गिटारवाल्यालाही ही बेस हाती घेऊन चार पैसे मिळवता येतील, हा हिशेब त्यामागे होता.

लिओ फेंडर यांचा जन्म १९०९ चा. शिक्षण हिशेबनिसाचे, पुढे धंदा रेडिओदुरुस्तीचा. गेल्या शतकातील गिटारचे रूपच ज्या माणसाने बदलले त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे. आणि ही बेस बाजारात आली तेव्हा त्यांचे वय होते ४२. चाळिशीपारच्या अ-वादकाने घडवलेले वाद्य चाळिशीपारच्या अ-वादकाने हाती घ्यावे, यात काही अघटित आहे असे आम्हांला वाटत नाही. (हा युक्तिवाद घरी चालला नाही, ही गोष्ट वेगळी.)

ज्यांनी या वाद्याला प्रतिष्ठा मिळवून दिली तेही बहुतेक दुसऱ्या घरून आलेले. मंक माँटगमेरी हे थोर जॅझ गिटारवादक वेस माँटगमेरी यांचे भाऊ. डबल बेस त्यांनी हाती घेतली तीच तिशीच्या सुमारास. आणि १९५० च्या दशकाच्या आरंभी लायनेल हॅम्प्टन यांच्या वाद्यवृंदात नवी विजेची बेस त्यांच्या गळ्यात पडली. कॅरल के या लॉस एंजेलिसमधील गिटारवादक. १९६३ मध्ये एका ध्वनिमुद्रणाला बेसवादक आलाच नाही म्हणून त्यांनी ती उचलली आणि नंतरच्या काळात ध्वनिमुद्रणाच्या खोलीतील सर्वांत मागणी असलेल्या बेसवादकांत त्यांची गणना झाली. पॉल मॅकार्टनी १९६१ पर्यंत गिटार आणि पियानो वाजवत. स्टुअर्ट सटक्लिफ हे बीटल्स सोडून चित्रकलेकडे वळले, तेव्हा बेस कोणीतरी घ्यायला हवी होती, आणि ती घेण्याची उत्सुकता कोणालाच नव्हती. तिन्ही कथांत एक रिकामी जागा आहे आणि ती भरण्यासाठी पुढे झालेला किंवा ढकललेला माणूस आहे. व्हायोलिनच्या इतिहासात असे क्वचित घडते. तिथे पाच वर्षांचे मूल आणि कडक शिस्तीचे वडील असतात.

अर्थात यात थोडी आत्मवंचना आहे हे आम्ही जाणतो. ही सारी माणसे आधीच वाद्यात मुरलेली होती. त्यांनी फक्त घर बदलले. आमच्यातील वादकाकडे दुसरे घर नव्हतेच. त्याच्याकडे होते ते मात्रागणांचे ज्ञान. वीस वर्षे फळ्यावर लघु-गुरू मांडून दाखवणारा हा मनुष्य पहिल्या दिवशी चार मात्रांच्या आवर्तनात एकाच तारेवर एकच सूर सलग दोन मिनिटे समान अंतराने वाजवू शकला नाही. माधवराव पटवर्धनांचे ‘छंदोरचना’ ज्याने पदव्युत्तर वर्गाला शिकवले, त्याला मात्रा म्हणजे मोजायची नव्हे तर वाट पाहायची गोष्ट आहे, हे बोटांनी सांगितले. शिक्षकाच्या पेशात एक धोका असतो. चाळिशी येईपर्यंत आपल्याला काही येत नाही असे प्रसंगच संपतात. वर्गात मागच्या बाकावर ज्याला अलंकारातला भेद तिसऱ्यांदा सांगूनही कळत नाही, त्या मुलाच्या पोटात काय होत असेल हे आपण विसरलेलो असतो.

उशिरा शिकणाऱ्यांनी स्वतःच लिहिलेले काही ग्रंथ आहेत. अमेरिकन शिक्षणचिंतक जॉन होल्ट यांनी वयाच्या चाळिशीत चेलो हाती घेतला आणि १९७८ मध्ये त्यावर ‘नेव्हर टू लेट’ हे पुस्तक लिहिले. मुलांना शाळेत अपयश का येते याचा वेध घेणारा हा लेखक बालपणीच सारे ठरून जाते हे मानायला तयार नव्हता. साहित्याच्या अभ्यासकांना अधिक जवळचे नाव वेन बूथ यांचे. ‘द ऱ्हेटरिक ऑफ फिक्शन’ या १९६१ च्या ग्रंथातून त्यांनी ‘गर्भित लेखक’ ही संकल्पना दिली आणि आपल्याकडच्या कादंबरीसमीक्षेनेही ती उचलली. याच बूथ यांनी १९५२ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी, चेलो शिकायला सुरुवात केली आणि १९९९ मध्ये ‘फॉर द लव्ह ऑफ इट’ हे हौशी वादनावरचे पुस्तक लिहिले. जवळजवळ अर्धशतक वाजवूनही आपण चांगल्या वादकांत मोडत नाही हे ते मान्य करतात, आणि तरीही वाजवणे सोडत नाहीत. इंग्रजीतील ‘ॲमॅच्युअर’ या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला ‘प्रेम करणे’ हा धातू आहे, हा त्यांचा आधार. आम्हांला यात आणखी एक गोष्ट लक्षणीय वाटते ती अशी की होल्ट आणि बूथ या दोघांनीही चेलोच निवडला. म्हणजे खालच्या अंगाचे, इतरांसोबत बसून वाजवायचे वाद्य.

होल्ट यांचा आशावाद आम्हांला थोडा जास्तच वाटतो. वयाने काही हिरावले जात नाही असे नाही. याबाबत घुबडे अधिक प्रामाणिक आहेत. एरिक नुडसेन आणि त्यांचे सहकारी यांनी गव्हाणी घुबडांच्या डोळ्यांवर दृश्य बाजूला सरकवणारे लोलक बसवून प्रयोग केले. पिल्ले या सरकलेल्या जगाशी ऐकण्याचा मेळ लवकर घालत. प्रौढ घुबडांना ते फारसे जमत नसे. पण २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्यांनी दाखवले की हेच सरकणे थोडे थोडे, पायरीपायरीने वाढवत नेले तर प्रौढ घुबडेही पुष्कळ पुढे जातात. मानसशास्त्रज्ञ गॅरी मार्कस यांनी चाळिशीच्या उंबरठ्यावर गिटार शिकताना याच घुबडांचा आधार घेतला. त्यांचे ‘गिटार झीरो’ हे पुस्तक २०१२ चे. तेव्हा आज चार मात्रा, आठवड्याने आठ, अशी घुबडाची चाल आमच्या घरातही सुरू झाली. ईस्टमन संगीतविद्यालयात रॉय अर्न्स्ट यांनी १९९१ मध्ये निवृत्तांसाठी नवशिक्यांचा वाद्यवृंद सुरू केला, त्याची ‘न्यू होरायझन्स’ ही चळवळ पुढे अनेक ठिकाणी पसरली. म्हणजे आमचे हे वेड काही एकांड्याचे नव्हे.

आता आमच्या मातीकडे. बेस गिटार मराठी माणसाच्या कानावर पडत आली ती हिंदी चित्रपटसंगीतातून, आणि त्या संगीताच्या वाद्यवृंदात गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती वादकांचा वाटा फार मोठा. राहुलदेव बर्मन यांच्या वादकांतील टोनी वाझ यांची बेस आपण सर्वांनी ऐकली आहे. ‘ऐकली आहे’ हे क्रियापद मात्र जपून वापरायला हवे. बेसची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते, आणि आमच्या लहानपणीच्या ट्रान्झिस्टरच्या तळहाताएवढ्या स्पीकरला एवढा खोल सूर काढताच येत नसे. वरच्या उपसुरांवरून कान त्या खालच्या सुराचा अंदाज बांधी, इतकेच. बेस हाती घेतल्यावर जुनी गाणी चांगल्या हेडफोनवर पुन्हा ऐकली तेव्हा तोंडपाठ असलेल्या गाण्याखाली एक आख्खी ओळ निघाली, आणि ती पहिल्यापासून तिथेच होती. ज्याची वाचनाची सवय संहितेच्या फटीत डोकावण्याची आहे, त्याला असा शोध फार लागतो, म्हणजे मनाला लागतो.

आपल्या परंपरेत या भूमिकेला शब्द नाहीत असे नाही. तंबोऱ्याची चौथी, पितळी तार खर्जाची. पण ती एकाच जागी उभी असते, बेस चालते. चालीच्या दृष्टीने आम्हांला तमाशातला झीलकरी अधिक जवळचा वाटतो. त्याचा सूर वरचा, बेसचा खालचा. पण दोघांचेही काम मागे उभे राहून गाणे धरून ठेवण्याचे. झील धरणाऱ्याचे नाव फलकावर नसते. अमेरिकेतही तेच. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीची असंख्य गाणी जेम्स जेमरसन यांच्या बेसवर उभी आहेत, आणि तेही मुळात डबल बेसकडून आलेले. उजव्या हाताच्या एकट्या तर्जनीने ते वाजवत. त्या बोटाला सारे ‘आकडा’ म्हणत. कित्येक वर्षे त्या तबकड्यांवर वादकांची नावेच छापली जात नव्हती. मार्व्हिन गे यांच्या १९७१ च्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’वर ते छापले गेले तेव्हा या कामाला दहाएक वर्षे उलटून गेली होती. जेमरसन १९८३ मध्ये वयाच्या ४७ व्या वर्षी वारले. त्यांच्यावरचे ‘स्टँडिंग इन द शॅडोज ऑफ मोटाउन’ हे पुस्तक १९८९ चे आणि त्याच नावाचा चित्रपट २००२ चा. आमच्यातील वादक आज त्यांच्या त्या वयाच्या जवळ आला आहे आणि अजून एक सोपे गाणे शेवटपर्यंत वाजवू पाहतो आहे. ही तुलना नव्हे. पण दोन आकडे शेजारी ठेवल्यावर दिसायचे ते दिसतेच.

असो. हौसेला मोल नसते असे म्हणतात. बासरी एकट्याने वाजवता येते, पेटीवर एकट्याने रमता येते. बेस एकट्याने वाजवणे म्हणजे पत्रातील फक्त विरामचिन्हे वाचण्यासारखे आहे. सुरुवातीचे आठ महिने ती दार लावून, हेडफोन लावून झाली, आणि त्या काळात ती निव्वळ हौस होती; चुकली तरी कोणाचे काही बिघडत नव्हते. गेल्या वर्षापासून मात्र रविवारी सकाळी चौघे जमतात. बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई गातात, भूगोलाचे एक सहकारी तबल्यावर, गिटारवर आमचाच एक माजी विद्यार्थी, आणि भिंतीला टेकून बेस. श्रोता तोच, जुना. पहिल्या अनेक रविवारी बेसबद्दल कोणी बरेवाईट काही बोलले नाही. ती आहे काय आणि नाही काय, असा संशय वादकालाच येऊ लागला होता.

मग एका रविवारी अंतऱ्याच्या तोंडाशी, गिटारवर सा, ग, प वाजत असताना, बोट घसरले आणि खाली सा ऐवजी ध लागला. गिटारवाल्याने आपले काही बदलले नव्हते, बाईंचा सूरही जागेवर होता. पण खाली ध येताच तेच तीन सूर एकदम उदास झाले, प्रसन्न गाण्यावर ढग आल्यासारखे. बाई थांबल्या. मागे वळल्या. ‘सर, तिथे काय लावलंत?’ त्यांनी विचारले. स्वरात राग नव्हता. माजी विद्यार्थी म्हणाला, ‘सर, पुन्हा अंतऱ्यापासून घेऊ या का?’

घेतले. दुसऱ्यांदाही तेच झाले, तिसऱ्यांदा सा लागला. घरी परतताना वादक फारसे बोलला नाही. फक्त इतकेच म्हणाला की चुकलो तेव्हा बाई थांबल्या. त्या आठवड्यात अंतऱ्याच्या तोंडाच्या त्या चार मात्रा रोज रात्री जेवणानंतर वाजत होत्या.