कोयनेची भेग

रिंगरोडच्या कापड बाजारात दुकानदार ताग्यातून कापड कसे वेगळे करतो, हे आपण सुरतकरांनी हजार वेळा पाहिले आहे. तो काठाला कात्रीने बोटभर चीर देतो आणि दोन्ही हातांनी ओढतो. सर्रकन कापड फाटत जाते. चीर दिली नाही, तर तेच कापड दोन पैलवानांनी ओढले तरी लवकर दाद देत नाही. चीर पडली की हाताची सगळी ओढ तिच्या टोकावरच्या एकदोन धाग्यांवर येते. ते तुटले की पुढच्या दोघांवर. काच, पोलाद, काँक्रीट यांचेही असेच असते.

भेगेच्या या शास्त्राचा इतिहास स्मरणिकेत सांगावासा वाटला, कारण त्यातले एक मोठे प्रकरण आपल्या मातीत घडले आहे. आमचे वडील पाटण तालुक्यातले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, ४ वाजून २१ मिनिटांनी, कोयनेचा भूकंप झाला. सुमारे १८० माणसे गेली, कोयनानगर जमीनदोस्त झाले. वडील सांगत, "घर पडलं याचं त्या वेळी कुणाला काही वाटलं नाही. सगळे अंधारात धरणाकडे कान लावून बसले होते." धरण फुटले असते, तर पाणी खाली कराडला कृष्णेत उतरले असते आणि पुढच्या गावांचे काय झाले असते, हे सांगायला नको. पुढे वडील उकाईच्या धरणावर कामाला आले आणि आम्ही सुरतकर झालो. पण त्यांच्या बोलण्यातून कोयना कधी गेली नाही.

धरण फुटले नाही, मात्र त्याला भेगा पडल्या. कोयनेची भिंत १०३ मीटर उंच, तळाशी ७० मीटर रुंद आणि माथ्याशी जेमतेम १५ मीटर. खालच्या बाजूचा उतार तळापासून सुमारे ६६ मीटर उंचीवर एकदम बदलतो. माणसाच्या मानेसारखी ती जागा आहे. नेमक्या त्याच पातळीच्या आसपास, सांडवा नसलेल्या अनेक भागांत, पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही अंगांना आडव्या भेगा दिसल्या. काही ठिकाणी खालच्या बाजूने पाणी झिरपू लागले.

दैव असे, की धरणाच्या पोटातील गॅलरीत धक्के नोंदवणारे यंत्र बसवलेले होते. त्याने तो सगळा हादरा टिपून ठेवला. धरणाची रचना करताना भूकंपासाठी वजनाच्या पाच टक्के इतके आडवे बळ धरलेले होते. प्रत्यक्ष नोंदीत जमिनीचा झटका गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ निम्म्यापर्यंत गेला होता. इतके मोठे काँक्रीटचे धरण, पडलेल्या भेगा आणि त्या भेगा पाडणाऱ्या हादऱ्याची नोंद, ही तिन्ही एकत्र मिळणे ही जगात फार दुर्मीळ गोष्ट होती.

भेगेचे गणित त्याआधी सुरू झाले होते. १९१३ साली इंग्लंडमध्ये इंग्लिस यांनी दाखवले, की पत्र्यातल्या छिद्राचे टोक जितके अणकुचीदार, तितका ताण तिथे अधिक साठतो. १९२१ साली ग्रिफिथ यांनी काचेवर प्रयोग करून पुढचा प्रश्न सोडवला. भेग केव्हा वाढते? वस्तूत साठलेल्या ऊर्जेतून जितकी मोकळी होते, तितकी भेगेचे नवे पृष्ठभाग उघडायला पुरेशी असली की. दुकानदाराच्या हातातली ओढ आणि कापडाचे तुटणारे धागे, हा तोच हिशोब.

पण कागदावर हे गणित काचेच्या साध्या पट्टीपुरते जमते. धरणासारख्या वेड्यावाकड्या आकाराचे काय? १९६० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील रे क्लफ यांनी एका पद्धतीला 'फायनाइट एलिमेंट' हे नाव दिले. आकाराची बारीक चौकटींत वाटणी करायची, प्रत्येक चौकटीचे साधे समीकरण मांडायचे आणि सगळी समीकरणे संगणकाकडून एकदम सोडवून घ्यायची. रांगोळीचे ठिपके मांडावेत, तसे. बर्कलीतच अनिल चोप्रा आणि चक्रबर्ती यांनी कोयनेचा आकार आणि गॅलरीतली नोंद घेऊन हिशोब केला आणि १९७३ मध्ये तो प्रसिद्ध केला. काँक्रीटला दाबापेक्षा ओढ फारच कमी सोसते, साधारण दहाव्या हिश्श्याइतकी. हिशोबात त्या 'माने'पाशी ओढ काँक्रीटच्या सोसण्यापलीकडे गेली होती. संगणकाने बोट ठेवले ते नेमके भेगांच्याच जागी.

तरी भेग 'कुठे' पडेल हे कळले, ती 'कशी आणि किती' वाढेल हे कळले नव्हते. त्यात एक मेख होती. भेगेच्या टोकाशी चौकटी जितक्या बारीक कराव्यात, तितका ताण वाढत जातो, म्हणजे उत्तर जाळी विणणाऱ्याच्या मर्जीवर. १९७६ साली स्वीडनमध्ये हिलरबोर्ग आणि सहकाऱ्यांनी काँक्रीटसाठी वाट काढली. भेग एका क्षणात उघडत नाही. आधी खडी एकमेकांना धरून ठेवते, मग पकड हळूहळू सुटते. एक चौरस मीटर भेग उघडायला लागणारी ऊर्जा ठरलेली धरली, की जाळी बारीक असो वा जाड, उत्तर फारसे हलत नाही. १९९९ च्या सुमारास अमेरिकेत बेलिच्को आणि ब्लॅक यांनी चौकटीच्या मधूनच भेग जाऊ देणारी रीत मांडली. भेग पुढे सरकली की सगळी जाळी नव्याने विणायची गरज राहिली नाही.

या प्रत्येक टप्प्यावर नवे गणित तपासायला लोकांनी कोयना घेतली. आजही ॲबॅकस या प्रसिद्ध सॉफ्टवेअरच्या उदाहरणांत कोयनेची भिंत आहे. पडद्यावर भिंत डोलते, मानेपाशी खालच्या अंगाला भेग उघडते आणि आत आत सरकते. वडिलांनी अंधारात बसून ज्याचा कानोसा घेतला, ते परदेशातली पोरे चहा पिता पिता पाहतात. धरणावर भेगा भरण्यात आल्या, पुढे खालच्या अंगाला काँक्रीटचे टेकू देऊन ते मजबूत केले गेले आणि ते आजही वीज देत उभे आहे.

आता घरची गोष्ट. आम्ही सरकारी नोकरीत, स्थापत्याची पदविका घेतलेले. दोन वर्षांपूर्वी गणपतीआधी आमच्या सोसायटीत रंगकाम निघाले. पार्किंगमधल्या एका खांबाला उभी चीर होती. कंत्राटदार म्हणाला, "साहेब, पुट्टी मारून टाकू, दिसणार पण नाही." समितीत आम्ही होतो, आणि या विषयातले शिकलेलेही आम्हीच. तरी मान डोलावली. आरास सुरेख झाली. पुढच्या पावसाळ्यानंतर चीर परत उघडली, सोबत गंजाचा तपकिरी ओघळ घेऊन. आतली सळई गंजली होती. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा मागतो आणि काँक्रीटला आतून फोडतो. ज्याच्या घरी कोयनेची गोष्ट लहानपणापासून ऐकली गेली, त्यानेच भेगेवर पुट्टी मारायला सांगावे, याची लाज अजून जात नाही.

यंदा टेकू लावून तो खांब नीट करून घेतला. पैसे तिथे गेले, म्हणून आमच्या सोसायटीची आरास साधी आहे. बाकी भिंतींतल्या दोन चिरांवर जुन्या मिस्त्री लोकांची रीत केली आहे. चिरेवर आडवी काचेची पातळ पट्टी चिकटवायची आणि शेजारी तारीख लिहायची. काच तडकली, तर भेग जिवंत आहे, अभियंत्याला बोलवा. यासाठी संगणक लागत नाही.

वाचकांना विनंती एवढीच, की रंगाआधी आपापले खांब, गच्ची आणि बाल्कनीच्या खालची बाजू एकदा डोळ्यांखालून घाला. आमच्या दोन्ही काचा अजून अखंड आहेत. रोज आरतीला खाली उतरताना आम्ही आधी त्या पाहतो, मग बाप्पाला हात जोडतो.