हळद, सांगली-साताऱ्याची

हळद, सांगली-साताऱ्याची : आल्याच्या कुळातील (झिंजिबरेसी) कुर्कुमा लाँगा या वनस्पतीचे कृष्णा-वारणा खोऱ्यात पिकणारे कंद. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हळदीचा रंग, वास आणि चव जात, जमीन व काढणीनंतरची हाताळणी यांवर ठरते. रंग कुरकुमिनाचा असतो, तर वास मुख्यतः ट्युमेरोन या तेलघटकांचा.

जाती : राजापुरीची हळकुंडे आखूड, जाड व ठसठशीत असून गाभा फिकट पिवळा असतो. गुजरात व राजस्थानातून तिला मागणी असते. सेलम मूळची तमिळनाडूची. तिचा गाभा नारंगी झाक असलेला पिवळा. कसबे डिग्रज (ता. मिरज) येथील संशोधन केंद्राने कृष्णा व फुले स्वरूपा हे वाण दिले.

लागवड व काढणी : पाण्याचा निचरा होणारी मध्यम काळी जमीन हळदीला मानवते, पाणी साचले की कंदकूज होते. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास बेणे लावतात आणि पीक आठ-नऊ महिन्यांनी, पाला वाळल्यावर काढतात. जेठे गड्डे (मातृकंद), बगल गड्डे (बाजूचे कंद) आणि हळकुंडे वेगळी करतात. कच्चे कंद लवकर काढले, तर उतारा घटतो.

शिजवणे : हळकुंडे काहिलीत शिजवतात. फेस येऊन हळदीचा वास सुटला, की ती शिजली असे मानतात. बेताने शिजवल्यास रंग हळकुंडात सारखा पसरतो. कमी-जास्त शिजल्यास प्रत उतरते. मग उन्हात वाळवून पिंपात घोळवून पॉलिश करतात. ओल्या हळदीच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकीच वाळलेली हळद मिळते.

पेवे : कृष्णा-वारणा संगमावरील हरिपूर येथे हळद साठवण्याची जमिनीखालची पेवे प्रसिद्ध आहेत. अरुंद तोंडाच्या या खोल खड्ड्यांत हवा व ओल शिरत नाही, म्हणून हळद किडीपासून सुरक्षित राहते. २००५ च्या महापुरात अनेक पेवे निकामी झाली.

इतर प्रदेश : वर्धा जिल्ह्यातील वायगावच्या हळदीत कुरकुमिन सुमारे ६ टक्के, तर मेघालयातील जैंतिया टेकड्यांतील लाकाडोंगमध्ये ७ टक्क्यांच्या आसपास असते. केरळची अलेप्पी गडद रंगामुळे खाद्यरंग व अर्क काढण्यासाठी घेतली जाते. तमिळनाडूतील इरोडच्या व ओडिशातील कंधमालच्या हळदीला २०१९ मध्ये, तर हिंगोली जिल्ह्यातील वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये मानांकन मिळाले.

व्यापार : सांगली ही देशातील हळदीची एक प्रमुख बाजारपेठ आहे. सौद्यात हळकुंड मोडून गाभ्याचा रंग पाहतात आणि ठसठशीतपणा, वाळवण व वास यांवरून भाव करतात. कर्नाटक व तेलंगणातूनही येथे माल येत असल्याने सांगलीत विकलेली प्रत्येक हळद सांगलीत पिकलेली नसते. म्हणूनच बाजाराच्या नावावरून नव्हे, तर पिकल्या गावावरून आणि जातीवरून हळदीची प्रत ओळखणे योग्य, आणि भौगोलिक मानांकनाचे खरे मोल त्यातच आहे.