फिलाडेल्फियाचें निशाण : इ. स. १८७१

बेसबॉल ही अमेरिकेंतील चेंडूफळी होय. तेथील वेतनी खेळाडूंच्या क्लबांची पहिली राष्ट्रीय संस्था ता. १७ मार्च १८७१ रोजीं न्यूयॉर्क येथें स्थापन झाली. त्या वर्षाचें विजयनिशाण फिलाडेल्फियाच्या ॲथलेटिक क्लबास मिळालें. त्या निर्णयाची छाननी आम्हीं येथें करीत आहों.

ता. ८ ऑक्टोबर रोजीं शिकागोस मोठी आग लागून तेथील व्हाइट स्टॉकिंग्स क्लबाचें क्रीडांगण व पोशाख भस्मसात् झाले. तरी तो क्लब उसन्या पोशाखांत परगांवीं खेळत राहिला. ता. ३० ऑक्टोबर रोजीं ब्रुकलिन येथें ॲथलेटिकनें त्यास ४ विरुद्ध १ असें जिंकलें.

रूढ कोष्टकांत फिलाडेल्फियाचे जय २१ व पराजय ७, बॉस्टनचे २० व १०, शिकागोचे १९ व ९ असे आंकडे आढळतात. परंतु ते सर्वस्वीं मैदानावरचे नव्हेत. रॉकफर्ड क्लबानें हेस्टिंग्ज नांवाचा खेळाडू क्लब बदलल्यानंतरची नियमित मुदत भरण्यापूर्वींच खेळविला; म्हणून त्या क्लबाचे कांहीं जय मागाहून प्रतिपक्षांस देण्यांत आले. त्यांत फिलाडेल्फियावर मिळविलेला जयही होता. तो मूळचा निकाल कायम धरल्यास फिलाडेल्फियाचे जय २० च उरतात, म्हणजे बॉस्टनइतकेच!

तात्पर्य, धांवांची वही अस्सल असली तरी एकटी पुरेशी नाहीं. तिच्यासोबतचे नियम व निवाडे हेही संग्राहकांनीं तितक्याच काळजीनें जतन करावे, असें आमचें मत आहे.