बारा अंगठ्यांची तोफ

सोव्हिएत युद्धनौकेला नाव मिळायचं ते पुढे कधीतरी. आधी मिळायचा नंबर. ‘प्रोयेक्त ८२’, ‘प्रोयेक्त ६६’. हा प्रोयेक्त म्हणजे आपला प्रोजेक्टच. शब्द मुळात लॅटिन, आणि अर्थ ‘पुढे फेकलेलं’. तोफगोळ्याला इंग्रजीत प्रोजेक्टाइल म्हणतात, तेही याच धातूचं लेकरू. मराठीनं इथे भावंडांची फारकत केली. फेकणं सोपवलं ‘प्रक्षेपणा’कडे, आणि प्रोजेक्टसाठी घेतला ‘प्रकल्प’. त्यात क्लृप् धातू आहे: जुळवणं, रचणं, मनात योजणं. ‘कल्पना’ही त्यातलीच. दुसऱ्या महायुद्धानंतर स्टॅलिननं आखायला लावलेल्या अवजड क्रूझरांना मूळ लॅटिनपेक्षा हा मराठी शब्दच शोभतो, कारण त्या पुढे काही गेल्या नाहीत.

‘क्रूझर’ आला डचांकडून. त्यांच्या क्रियापदाचा अर्थ आडवंतिडवं जाणं, समुद्रात येरझारा घालणं, मुळाशी क्रूस. पीटर द ग्रेट १६९७ मध्ये जहाजबांधणी शिकायला हॉलंडात गेला आणि त्याच्या काळात डच दर्यावर्दी शब्द रशियनमध्ये ढिगानं शिरले. खलाशाचा ‘मात्रोस’ त्यांतलाच. (आपल्याकडे क्रूझर म्हणजे वऱ्हाडाची गाडी. येरझारांच्या मूळ अर्थाला खरं तर तीच जागते.)

डचांनी रशियनला एक मापही दिलं: ‘द्यूइम’, म्हणजे इंच. डचमध्ये हाच शब्द अंगठ्यासाठी आहे. सोव्हिएत आरमारी तोफांचे आकडे हा अंगठा हाताशी धरून वाचले की एरवी न दिसणारी गोष्ट दिसते. ३०५ मिलिमीटर म्हणजे बारा इंच, १५२ म्हणजे सहा. क्रांतीनंतर देश मेट्रिक झाला, इंच कागदावरून गेला, पण झारच्या आरमाराची मापं मिलिमीटरचा सदरा घालून तशीच राहिली. १८० आणि २२० हे आकडे मात्र इंचात धड बसत नाहीत. ते क्रांतीनंतरचे, दहाच्या पाढ्यातले.

कॅलिबर या शब्दाचा प्रवास तर फारच लांबचा. कोशकार तो अरबी ‘क़ालिब’पर्यंत नेतात. क़ालिब म्हणजे साचा; उर्दूतल्या ‘यक जान दो क़ालिब’मधला तोच, तिथे अर्थ शरीर. आणखी मागे ग्रीकमध्ये चांभाराचा लाकडी साचा सापडतो, ज्यावर जोडा बेतायचा. तोफेत हा शब्द दुहेरी काम करतो. तोंडाचा व्यास म्हणजे कॅलिबर, आणि नळीची लांबी मोजायचीही त्याच पटीत. प्रकल्प ८२ साठीची तोफ ३०५ मिलिमीटरची, ६१ कॅलिबर लांब. गुणाकार केला की साडेअठरा मीटरहून लांब नळी निघते. अशा ९ तोफा एका जहाजावर बसायच्या होत्या.

या जहाजाला सोव्हिएत लोक ‘जड क्रूझर’ म्हणत. इथे ‘जड’चा वजनाशी संबंध आहे असं वाटतं, आणि तिथेच वाचक फसतो. १९३० च्या लंडन करारानं क्रूझरांची वाटणी तोफेच्या तोंडावरून केली: १५५ मिलिमीटरच्या वर एक वर्ग, तिथपर्यंत दुसरा. लोकांनी त्यांना जड आणि हलकी म्हटलं. म्हणून सुमारे १६,६०० टनांची सोव्हिएत क्रूझर ‘स्वेर्दलोव्ह’ हलकी, कारण तोफा १५२ च्या. मॉस्कोनं १९३० च्या त्या करारावर सही केली नव्हती. त्यामुळे १८० मिलिमीटरच्या तोफा मिरवणाऱ्या ‘किरोव्ह’ला तिथे बिनदिक्कत हलकी म्हटलं गेलं. १९५३ मध्ये इंग्लंडच्या राणीच्या राज्याभिषेकानिमित्त स्पिटहेडला नौदलांचं संचलन झालं, तेव्हा ‘स्वेर्दलोव्ह’ आणि भारताची ‘आयएनएस दिल्ली’ दोघी हजर होत्या. आकारात केवढा फरक! पण दोघींच्या तोफा सहा इंची, म्हणून दोघी हलक्या.

खरी अडचण केली प्रकल्प ६६ नं. अमेरिकेच्या ‘दे मॉइन’ वर्गाच्या क्रूझरांवर २०३ मिलिमीटरच्या, आपोआप भरल्या जाणाऱ्या तोफा होत्या. त्यांना वरचढ म्हणून २२० मिलिमीटरच्या ९ तोफांचं जहाज आखलं. तोफ जराशीच वाढली, पण तिच्यापायी आराखडा ३०,००० टनांच्या आसपास फुगला. इतक्या टनांत लोक पूर्वी युद्धनौकांची राणी, म्हणजे बॅटलशिप, बांधत. एक प्रायोगिक तोफ चाचणीपर्यंत पोहोचली, जहाजाचा सांगाडासुद्धा उभा राहिला नाही. माझ्या मते त्या घटकेला ‘क्रूझर’ हा शब्दच ताणून फाटला होता. तो फाटल्याचं कबूल करायला कुणी तयार नव्हतं इतकंच.

प्रकल्प ८२ निदान पोलादापर्यंत गेला. पहिलं जहाज ‘स्तालिनग्राद’ १९५१ च्या अखेरीस निकोलायेव्हला बांधायला घेतलं. मार्च १९५३ मध्ये स्टॅलिन गेला आणि एप्रिलमध्ये काम थांबवण्याचा हुकूम निघाला. तयार झालेला मधला चिलखती भाग तेवढा पाण्यात सोडला. सेवास्तोपोलला ओढून नेल्यावर तो बंदराच्या तोंडाशी रुतून बसला. बाहेर काढल्यावर नौदलानं त्याच्यावर जहाजभेदी क्षेपणास्त्रं डागून पाहिली, चिलखत किती तगतं ते मोजायला.

क्रूझर हा शब्द मात्र तगला. १९६२ मध्ये प्रकल्प ५८ चं ‘ग्रोझ्नी’ नौदलात आलं. आखलं होतं विनाशिका म्हणून, पण क्षेपणास्त्रांचा मान राखून त्याला ‘क्षेपणास्त्र क्रूझर’ केलं. त्याच्यावरच्या तोफा ७६ मिलिमीटरच्या, म्हणजे तीन इंची. लंडनच्या करारातल्या वाटणीनं हे जहाज हलकंच ठरलं असतं.