पटामागची माणसं

१९९७ साली गॅरी कास्पारोव्हला कोणी हरवलं, असं आपल्या मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत विचारून बघा. 'डीप ब्लू' हे उत्तर लगेच मिळेल. मग विचारा, डीप ब्लू कोणी तयार केला? 'आयबीएमने.' तेही बरोबर. पण आयबीएममधल्या कोणी? इथे मात्र सगळे एकमेकांकडे बघू लागतील. गंमत म्हणजे त्या रांगेतल्या निम्म्या लोकांचं पोट प्रोग्रॅम लिहिण्यावरच चालत असतं! मीही त्यांतलाच. म्हणूनच बुद्धिबळ खेळणाऱ्या यंत्रांपेक्षा ती घडवणाऱ्या माणसांची गोष्ट मला जास्त जवळची वाटते.

या गोष्टीची सुरुवात एका लबाडीने होते. १७७० मध्ये व्हिएन्नाच्या दरबारात वुल्फगांग फॉन केम्पेलेन याने सम्राज्ञी मारिया तेरेसासमोर एक यंत्र सादर केलं. मोठी पेटी, तिच्यावर पट आणि मागे फेटा बांधलेला लाकडी 'तुर्क'. हा तुर्क भल्याभल्यांना हरवी. पेटीचं दार उघडलं की आत नुसती चक्रं दिसत. प्रत्यक्षात चक्रांमागे एक चांगला खेळाडू अंग चोरून बसलेला असे. ते यंत्र १८५४ मध्ये फिलाडेल्फियाच्या आगीत जळालं, पण पुढची दोनशे वर्षं लोकांच्या मनात एक शंका ठेवून गेलं : यंत्र खेळतंय, पण आत कोण बसलंय?

खरं काम सुरू झालं दुसऱ्या महायुद्धानंतर. बेल लॅब्जमधल्या क्लॉड शॅननने १९५० मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. बुद्धिबळाचे सगळे संभाव्य डाव मोजायचे तर एकावर सुमारे १२० शून्यं द्यावी लागतील, तेव्हा शेवटापर्यंत विचार करणं कुठल्याच यंत्राला शक्य नाही, असं त्याने दाखवलं. मग करायचं काय? काही खेळ्या पुढे बघायचं आणि तिथे थांबून हिशेब मांडायचा. वजिराचे ९ गुण, हत्तीचे ५, उंट आणि घोड्याचे ३-३, प्याद्याचा १. शिवाय राजा सुरक्षित आहे का, प्यादी कशी उभी आहेत, वगैरे. शॅननने दोन वाटा सांगितल्या. एक, सगळ्याच खेळ्या तपासायच्या. दुसरी, माणसासारख्या मोजक्याच खेळ्या निवडायच्या आणि त्यांवर खोल विचार करायचा.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये अ‍ॅलन ट्यूरिंग याने डेव्हिड चॅम्परनाऊनच्या साथीने बुद्धिबळाचा प्रोग्रॅम लिहिला होता. अडचण एकच, तो चालवू शकेल असा संगणकच नव्हता! १९५२ मध्ये ट्यूरिंग स्वतः संगणक झाला. कागद-पेन्सिल घेऊन प्रोग्रॅमच्या नियमांप्रमाणे आकडेमोड करायची आणि जी खेळी निघेल ती खेळायची. एकेका खेळीला अर्धा अर्धा तास लागे. समोर होता सहकारी अ‍ॅलिक ग्लेनी. ट्यूरिंगचा कागदी संगणक हरला. पण स्वतःला दिसणारी खेळी बाजूला ठेवून स्वतःच लिहिलेल्या नियमांची आज्ञा पाळत बसलेला तो माणूस डोळ्यांसमोर आणा. आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने त्याला मनोमन नमस्कार करावा.

त्यानंतरच्या काळात मोठमोठ्या विद्वानांचे अंदाज चुकले. हर्बर्ट सायमनने १९५७ मध्ये, दहा वर्षांत संगणक जगज्जेता होईल असं भाकीत केलं. १९६८ मध्ये डेव्हिड लेव्ही या स्कॉटिश खेळाडूने जॉन मॅकार्थी आणि डोनाल्ड मिची यांच्याशी पैज लावली, की दहा वर्षांत मला कुठलाही संगणक हरवू शकणार नाही. १९७८ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या मंडळींचा 'चेस ४.७' त्याच्यासमोर बसला आणि लेव्हीने पैज जिंकली.

पण तोवर वारं फिरू लागलं होतं. शॅननची दुसरी वाट, म्हणजे माणसासारखा विचार, ऐकायला फार सुंदर. तीन वेळा जगज्जेतेपद मिळवणारा मिखाईल बोत्विनिक स्वतः इंजिनियर होता. त्याने आयुष्याची कितीतरी वर्षं त्या वाटेवर घालवली, पण त्याचा 'पायोनियर' हा प्रोग्रॅम कधी स्पर्धेत उतरलाच नाही. पुढे गेले ते पहिल्या वाटेवरचे, सगळं मोजणारे लोक. त्यांच्या हाताशी एक साधी युक्ती होती, 'अल्फा-बीटा'. समजा, तुम्ही घर बघायला निघाला आहात आणि एक बरं घर आधीच हातात आहे. दुसऱ्या घरात शिरल्या शिरल्या बेसमेंटमध्ये गुडघाभर पाणी दिसलं, तर वरचं स्वयंपाकघर बघत बसाल का? तसंच एखाद्या खेळीला प्रतिस्पर्ध्याचं एक जरी खणखणीत उत्तर सापडलं, तरी त्या खेळीची बाकीची उत्तरं तपासायची गरज नाही. एवढ्या व्यवहारज्ञानाने यंत्राची प्रचंड मेहनत वाचते.

आम्ही न्यू जर्सीकरांना अभिमान वाटावा असा एक अध्याय इथलाच आहे. मरे हिलच्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन (तोच, युनिक्सचा एक जनक) आणि जो कॉन्डन यांनी 'बेल' नावाचं, फक्त बुद्धिबळच खेळणारं यंत्र बांधलं. १९८० मध्ये ते ऑस्ट्रियातल्या लिंझला संगणकांचं जगज्जेतं ठरलं आणि १९८३ मध्ये त्याला अमेरिकेत 'मास्टर' दर्जा मिळाला. मधे १९८२ मध्ये ते मॉस्कोला निघालं असताना केनेडी विमानतळावर कस्टम्सने जप्त केलं! शीतयुद्धाचे दिवस, न जाणो, रशियनांच्या हाती काय लागेल? लोणच्याच्या बरणीवरून त्याच विमानतळावर उलटतपासणी झालेल्या आपल्या मंडळींना थॉम्पसनबद्दल सहानुभूती वाटायला हरकत नाही.

सगळंच मोठ्या प्रयोगशाळांत घडलं असंही नाही. डॅन आणि कॅथ स्प्रॅकलेन या कॅलिफोर्नियातल्या नवराबायकोने घरच्या छोट्या संगणकावर 'सारगॉन' लिहिला आणि १९७८ मध्ये तिथली लहान संगणकांची स्पर्धा जिंकली. हॉलंडच्या एड श्रोडरच्या 'रेबेल'ने १९९८ मध्ये आपल्या विश्वनाथन आनंदला आठ डावांच्या सामन्यात ५-३ असं हरवलं. अर्थात पूर्ण वेळेच्या डावांत आनंदच वरचढ ठरला.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. १९८५ च्या सुमारास पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात फेंग-श्युंग शू हा तैवानहून आलेला विद्यार्थी, खेळ्या शोधणारं सगळं यंत्र एकाच चिपवर बसवण्याच्या खटपटीला लागला. त्याला मरे कॅम्पबेल आणि थॉमस अनंतरामन हे सहविद्यार्थी मिळाले. अनंतरामन भारतातून आलेला. शिकायला परदेशी आलेली ही पोरं! त्यांच्या 'डीप थॉट'ने १९८८ मध्ये लाँग बीचच्या स्पर्धेत बेंट लार्सन या ग्रँडमास्टरला हरवलं. नंतर शू आणि कॅम्पबेल आयबीएममध्ये गेले. पुढच्या संघात जो होन आला; अनंतरामन मात्र १९९७ च्या संघात नव्हता.

फेब्रुवारी १९९६ मध्ये फिलाडेल्फियाला पहिला डाव हरूनही कास्पारोव्हने सामना ४-२ असा जिंकला. मे १९९७ मध्ये न्यूयॉर्कला फेरसामना झाला. तेव्हा मी ऑफिसात कामाची खिडकी पुढे आणि आयबीएमच्या संकेतस्थळाची मागे ठेवून खेळ्या बघत होतो. पहिला डाव कास्पारोव्हने जिंकला. दुसऱ्या डावात डीप ब्लू इतका संयमाने खेळला की कास्पारोव्हने हार मानली. बरोबरी साधता आली असती हे त्याला नंतर कळलं. आत कुणी ग्रँडमास्टर तर बसला नाही ना, असा त्याचा सूर होता. दोनशे वर्षांनी पुन्हा तोच तुर्क! शेवटचा डाव १९ खेळ्यांत संपला आणि डीप ब्लू ३½-२½ ने जिंकला. कास्पारोव्हने २०१७ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात मात्र आपली भाषा बरीच मवाळ केली.

माझ्या मते त्याच्या संशयात एक सत्य दडलेलं होतं. आत माणसं होतीच. फक्त ती आपलं काम आधी करून ठेवून बाहेर आली होती. शूच्या चिप्स सेकंदाला २० कोटी स्थिती तपासत, पण कुठल्या स्थितीला चांगलं म्हणायचं हे ग्रँडमास्टर जोएल बेंजामिनच्या मदतीने त्या तिघांनी ठरवलेलं होतं. वाड्याचं श्रेय मालकाला मिळतं, गवंड्याचं नाव कोण लिहितो? आपल्या पिढीने इथल्या बँका आणि विमा कंपन्यांसाठी लिहिलेल्या लाखो ओळींवर तरी कुणाची सही आहे?

पुढचा इतिहास वेगाने घडला. २००६ मध्ये बॉनला व्लादिमिर क्रामनिक 'डीप फ्रिट्झ'कडून ४-२ ने हरला आणि माणूस विरुद्ध यंत्र हा वाद जवळपास मिटला. २००८ मध्ये टॉर्ड रॉमस्टाड, मार्को कोस्ताल्बा आणि योना कीस्की यांचा 'स्टॉकफिश' आला, तोही फुकट, सगळ्यांना बघायला खुला. २०१३ पासून जगभरचे स्वयंसेवक आपापले संगणक त्याच्या चाचण्यांसाठी उसने देतात. वारकऱ्यांच्या दिंडीत कुणी पाणी देतं, कुणी भाकरी, तसंच हे. डिसेंबर २०१७ मध्ये डीपमाइंडने जाहीर केलं, की त्यांच्या 'अल्फाझीरो'ने फक्त नियम शिकून, स्वतःशीच खेळत, चार तासांत स्टॉकफिशला मागे टाकलं. १०० डावांत २८ विजय, ७२ बरोबऱ्या, पराभव एकही नाही. सामन्याच्या अटींवर वाद झाला, पण सोंगट्यांचे गुण माणसाने सांगण्याची पद्धत तिथे बाजूला पडली. स्टॉकफिशवाले हात चोळत बसले नाहीत. यू नासू यांनी जपानी शोगीच्या प्रोग्रॅमसाठी काढलेलं तंत्र उचलून २०२० मध्ये त्यांनीही आपला प्रोग्रॅम शिकणारा केला.

रविवारच्या मराठी शाळेनंतर मी काही मुलांना बुद्धिबळ शिकवतो. एका आठ वर्षांच्या मुलीने मध्यंतरी विचारलं, "काका, बाबांचा फोन सगळ्यांना हरवतो, मग आपण खेळायचं कशाला?" मी तिला म्हटलं, "गाडी तुझ्यापेक्षा जोरात धावते, म्हणून तू पळणं सोडलंस का?" ती हसली आणि तिने घोडा पुढे टाकला. पण तिचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. कारण आज तोच प्रश्न आमच्या धंद्यासमोर उभा आहे. प्रोग्रॅमही आता यंत्रं लिहू लागली आहेत. मग आमच्या मुलांनी शिकायचं कशाला?

बुद्धिबळापुरतं उत्तर इतिहासाने दिलं आहे. यंत्र जिंकल्यावर खेळ संपला नाही, उलट पसरला. माझं बालपण सांगलीत गेलं. भाऊसाहेब पडसलगीकरांसारख्या माणसांनी तिथे बुद्धिबळ रुजवलं, तरी रशियन पुस्तक हाती लागणं म्हणजे दिवाळीच असे. आज जगज्जेत्याला हरवील असा गुरू प्रत्येकाच्या खिशात आहे. त्याच्यामुळे स्पर्धेत खिसे तपासावे लागतात, हेही खरं. पण २०२४ मध्ये बुडापेस्टला भारताने ऑलिम्पियाडची दोन्ही सुवर्णपदकं जिंकली, तेव्हा त्या संघांत नाशिकचा विदित गुजराथी आणि नागपूरची दिव्या देशमुख होती. २०२५ मध्ये दिव्याने महिलांचा विश्वचषकही जिंकला. पटावर बसून घाम त्यांनीच गाळला. इंजिनाने त्यांना आधी, घरी, चुका दाखवल्या होत्या.

प्रोग्रॅमरचं काय होईल, हे सांगायला मी ज्योतिषी नाही. सायमनसारखा विद्वान जिथे फसला, तिथे माझी काय कथा! पण त्या मुलीला मी पुढच्या रविवारी ट्यूरिंगची गोष्ट सांगितली. यंत्र नसताना कागदावर यंत्र होऊन बसलेल्या माणसाची. ती म्हणाली, "काका, आपण पण खेळूया का तसं?" आता मी नियम लिहितो आहे. संगणक ती होणार आहे.