देह निश्चल, मन जागे : सजग स्वप्नाचा एक कठीण मार्ग

आपण स्वप्न पाहत आहोत, याची जाणीव स्वप्न चालू असतानाच होणे म्हणजे सजग स्वप्न, अर्थात ‘ल्युसिड ड्रीम’. ही संज्ञा रूढ करण्याचे श्रेय डच मनोविकारतज्ज्ञ आणि साहित्यिक फ्रेडरिक व्हॅन ईडन यांना दिले जाते. १८९८ ते १९१२ या काळातील आपल्या अशा ३५२ स्वप्नांची नोंद त्यांनी ठेवली होती आणि १९१३ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला.

असे स्वप्न दोन प्रकारे पडते. पहिल्या प्रकारात झोपलेल्या माणसाला स्वप्नातच काही विसंगती खटकते आणि तो भानावर येतो. दुसऱ्या प्रकारात जाणीव न गमावता जागेपणातून थेट स्वप्नात पाऊल टाकले जाते. यासाठी अंथरुणावर अजिबात हालचाल न करता पडून राहावे, शरीर झोपू द्यावे आणि मन मात्र जागे ठेवावे, असे सांगितले जाते. ऐकायला ही कृती सोपी वाटते, पण स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टीफन लाबर्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलेल्या ७६ सजग स्वप्नांपैकी जेमतेम २८ टक्के या दुसऱ्या प्रकारची होती. आणि ती पाहणारी मंडळी सरावलेली होती.

या पद्धतीविषयीचे बरेचसे गैरसमज निश्चलतेभोवतीच फिरतात. हालचाल थांबवली की मेंदू फसतो आणि शरीराला ‘बंद’ करतो, अशी समजूत पुष्कळ ठिकाणी आढळते. अंगाला खाज सुटते तेव्हा शरीर मनाची परीक्षा घेत असते, अशीही पुष्टी तिला जोडली जाते. या कल्पनेला शास्त्रीय आधार नाही. १९५३ मध्ये शिकागो येथे युजीन असेरिन्स्की व नॅथॅनियल क्लाइटमन यांनी डोळ्यांच्या जलद हालचालींची निद्रा, म्हणजे रेम निद्रा, प्रकाशात आणली. या निद्रेत स्नायू शिथिल पडतात, हे पुढे फ्रान्समधील मिशेल जूव्हे यांनी मांजरांवरील प्रयोगांतून दाखवले. ही शिथिलता मेंदूच्या मूळस्तंभातून येते आणि तिचे वेळापत्रक रेम निद्रेशी बांधलेले असते. माणूस दगडासारखा पडून राहिला म्हणून ती लवकर अवतरत नाही. निश्चलतेचा उपयोग एवढाच, की कूस बदलल्याने येणारी जाग टळते. तेव्हा आवंढा गिळल्याने किंवा नाक खाजवल्याने सारे मुसळ केरात गेले, असे मानण्याचे कारण नाही.

श्वासपटल आणि डोळ्यांचे स्नायू या शिथिलतेतून बव्हंशी वगळलेले असतात, आणि सजग स्वप्नाचा पुरावा मिळाला तो याच फटीतून. एप्रिल १९७५ मध्ये इंग्लंडमधील हल विद्यापीठात कीथ हर्न यांच्या प्रयोगात अ‍ॅलन वर्स्ली यांनी स्वप्नातून ठरलेल्या खुणेप्रमाणे डोळे डावी-उजवीकडे फिरवले आणि यंत्राने ते टिपले. लाबर्ज यांनी १९८० च्या सुमारास स्वतंत्रपणे हेच सिद्ध केले. त्याच्याही पुढची पायरी २०२१ मध्ये गाठली गेली. अमेरिका, फ्रान्स, जर्मनी व नेदरलँड्स येथील प्रयोगशाळांत स्वप्न पाहणाऱ्यांना प्रश्न विचारण्यात आले. ‘आठातून सहा गेले किती?’ अशा हिशेबाचे उत्तर एकाने झोपेतच डोळ्यांच्या खुणेने अचूक दिले.

पद्धतीचे यश मुख्यतः वेळेवर अवलंबून असते. रात्री पाठ टेकल्यावर रेम निद्रा येण्यास साधारण दीड तास लागतो. इतका वेळ जाणीव टिकवणे जवळजवळ अशक्य. पहाटे मात्र रेमचे टप्पे लांब व जवळजवळ येतात. व्हॅन ईडन यांची सजग स्वप्ने सकाळी पाच ते आठच्या दरम्यानची होती, ती याचमुळे. म्हणून चार-पाच तासांच्या झोपेनंतर उठावे, थोडा वेळ जागे राहावे आणि मग पुन्हा आडवे व्हावे. डोळ्यांपुढे ठिपके, नक्षी, चेहरे तरळू लागतात, कधी कोणी हाक मारल्याचा भास होतो. या भासांना १८४८ मध्ये आल्फ्रेड मोरी यांनी नाव दिले. त्यांच्यामागे धावू नये आणि त्यांना हुसकावूही नये. लाबर्ज यांनी या वेळी मनात आकडे मोजत राहण्याचा आणि प्रत्येक आकड्याबरोबर स्वतःला स्वप्नाची आठवण देण्याचा उपाय सुचवला आहे.

कधी याच उंबरठ्यावर ‘स्लीप पॅरॅलिसिस’ची अवस्था येते. मन जागे, पण हातपाय हलत नाहीत. खोलीत कोणीतरी असल्याचे वाटते, छातीवर ओझे जाणवते. आपल्याकडे अशा अनुभवाला भुताखेताशी जोडण्याची रीत जुनी आहे. प्रत्यक्षात ही रेममधील शिथिलताच असते, फक्त जागेपणात सांडलेली. ती काही सेकंदांत वा मिनिटांत ओसरते. उताणे झोपल्यास ती अधिक संभवते. त्यामुळे भित्र्या माणसाने कुशीवर झोपणे बरे. तिबेटी बौद्धांच्या स्वप्नयोगातही उजव्या कुशीवर निजण्यास सांगितले आहे.

भारतीय परंपरेला हा विषय नवा नाही. मांडूक्य उपनिषद जागृती, स्वप्न व सुषुप्ती यांचा विचार करते, तर पातंजल योगसूत्रांच्या समाधिपादातील ३८वे सूत्र स्वप्न व निद्रेतील ज्ञानाचा आधार घेऊन चित्त स्थिर करण्याची वाट दाखवते. मुंगेरच्या स्वामी सत्यानंद सरस्वतींनी प्रचारात आणलेली योगनिद्रा शवासनात निश्चल राहूनच केली जाते, पण तिचा हेतू स्वप्नात शिरण्याचा नाही. दोन्हींची सरमिसळ करणारे वर्ग आणि ध्वनिफिती निघाल्या, तरी हा भेद ध्यानात ठेवावा.

ज्यांना दुःस्वप्नांचा त्रास आहे, त्यांच्यासाठी हा विषय केवळ कुतूहलाचा नाही. नेदरलँड्समध्ये २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत सजग स्वप्नांच्या प्रशिक्षणानंतर दुःस्वप्ने कमी झाल्याचे आढळले. मात्र रोज पहाटे झोप मोडण्याची किंमत असते. दिवसाचे काम, वाहन चालवणे यांवर तिचा परिणाम होतो. निद्रानाश, नार्कोलेप्सी किंवा वास्तव व भास यांत गोंधळ उडवणारे मानसिक विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. शिवाय निश्चलतेचा अट्टहास धरणाऱ्यांची झोपच उडते, हा नेहमीचा अनुभव. ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहाटे उठून ‘स्वप्नात भान ठेवीन’ असा संकल्प करणाऱ्यांपैकी सर्वाधिक यश मिळाले ते पाच मिनिटांच्या आत पुन्हा झोपी गेलेल्यांना.